ज्याची त्याची पायली

स्वभावाला औषध नाहीं असें आपण पिढ्यानुपिढ्या म्हणत आलों आहों. स्वभावाला माप आहे असें म्हणणारें शास्त्र मात्र अलीकडचें. त्याचें वय शंभर-सवाशें वर्षांहून फारसें अधिक नाहीं. ज्या वस्तूला औषध नाहीं तिचें माप घेऊन करावयाचें काय, असा प्रश्न एखाद्या जुन्या माणसास पडेल, आणि तो अगदींच गैरवाजवी म्हणतां यावयाचा नाहीं. पण माझ्या मनांत हा विषय शिरला तो पुस्तकांमुळें नव्हे. गेल्या आषाढाच्या अखेरीस मी कोंढ्यास धाकट्या भावाकडे चार दिवस राहिलों होतों. तेथील एका लहानशा प्रसंगानें तो शिरला, आणि अद्याप बाहेर पडलेला नाहीं.

कोंढा हें भंडारा जिल्ह्यांतील पवनी तालुक्याचें गांव. सगळा मुलूख धानाचा. रोवणीचे दिवस होते; बांध्यांतून चिखलणी चाललेली, आणि चिखलांत ओणव्या झालेल्या बायकांच्या रांगा पऱ्हे लावीत मागें मागें सरकत असलेल्या. त्या दिवशीं झड लागली म्हणून दोन्ही मुलें घरींच होतीं. पुतणी कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुतण्या पहिल्या वर्षाला. दोघेंही नागपूर विद्यापीठाशीं जोडलेल्या एकाच महाविद्यालयांत जातात. ओसरीवर बसून दोघेंही एकेक छापील कागद भरीत होतीं. कोणी संशोधक आपल्या प्रबंधासाठीं विद्यार्थ्यांच्या स्वभावाचा आणि त्यांतील स्त्री-पुरुषभेदाचा अभ्यास करीत होता. त्याची ही प्रश्नावली. प्रश्न म्हणजे वस्तुतः विधानेंच: मला चटकन राग येतो, अनोळखी माणसांत मी मोकळेपणानें बोलतों, एकाच कामांत मी फार वेळ रमूं शकतों, आणि प्रत्येकापुढें 'पूर्णपणें खरें' पासून 'मुळींच खरें नाहीं' पर्यंत पांच घरें. त्यांपैकीं एकांत खूण करावयाची.

पुतण्यानें दहा मिनिटांत काम उरकलें. पुतणी मात्र रागाच्या विधानापाशीं अडली. मला म्हणाली, "मोठेबाबा, चटकन म्हणजे कोणापेक्षां चटकन?"

"आपल्या मनाला वाटेल तें लिही," मी म्हणालों.

"तसें नव्हे. याच्यापेक्षां धरूं, कीं माझ्या मैत्रिणींपेक्षां?"

शिक्षकी पेशांत मीं तीस वर्षें काढलीं. पण यावर मला उत्तर सुचलें नाहीं. शेवटीं तिनें 'बहुधा खरें नाहीं' या घरांत खूण केली.

ती खूण पाहून मी चमकलों. कारण गेल्या मार्गशीर्षांतली गोष्ट मला भावानेंच सांगितली होती. धान घेण्यास आलेल्या एका व्यापाऱ्याचा माणूस पोत्यामागें किलो-दीड किलो जादा कापून घेत होता. भाऊ भिडस्त; तो गप्प राहिला. ही मुलगी कांट्यापाशीं जाऊन उभी राहिली, आणि मोजलेलें प्रत्येक पोतें पुन्हा कांट्यावर चढेपर्यंत तिनें गाडी हालूं दिली नाहीं. मीं तिला याची आठवण दिली. ती म्हणाली, "तो राग नव्हता, मोठेबाबा. तो हिशेब होता."

तो कागद मग मीं हातांत घेऊन नीट पाहिला. पहिल्यानें लक्षांत आली ती भाषा. इंग्रजींत 'मी बोलतों' या अर्थाचें वाक्य स्त्री-पुरुष दोघांस सारखेंच. मराठींत तसें नाहीं. कागदावरील पहिल्या दोन-चार विधानांत तिरकी रेघ मारून 'बोलतों' पुढें 'बोलतें' हें रूप जोडलें होतें. पुढें कंटाळून तें सोडून दिलें असावें, कारण खालीं सगळीकडे पुल्लिंगच होतें. मुलास वाटतें कीं कागद आपल्याविषयींच बोलत आहे. मुलीस प्रत्येक वाक्य मनांतल्या मनांत आपल्या अंगाचें करून घ्यावें लागतें. बरें, दोन्ही रूपें शेवटपर्यंत छापलीं तरी अडचण संपत नाहींच. 'मी धीट आहें कीं नाहीं' हें ठरविण्याआधीं 'मी मुलगी आहें' हें क्रियापदांतून एकदां कबूल करावें लागतें. म्हणजे जो भेद शोधून काढावयाचा तो प्रश्नाच्या व्याकरणांतच येऊन बसलेला असतो. कोल्हापूरकडच्या मुली सर्रास 'मी आलों', 'मी जातों' म्हणतात. त्यांना हा कागद दिला तर त्या वेगळ्या निघतील काय, हें कोणीतरी पाहण्यासारखें आहे.

स्वभावाची वांटणी करणें आपल्यास नवीन नाहीं. वात, पित्त, कफ घराघरांत ठाऊक आहेत. सत्त्व, रज, तम गीतेमुळें सर्वांच्या तोंडीं आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत तर मनाचे सोळा प्रकार सांगितले आहेत: सात्त्विक सात, राजस सहा आणि तामस तीन. हे प्रकार वाचतांना मौज वाटते ती अशी कीं, स्त्री आणि पुरुष असा भेद तेथें केलेला नाहीं, पण तो समबुद्धीमुळें नव्हे. गांधर्व प्रकृतीच्या माणसाचें लक्षण सांगतांना नृत्यगीतांबरोबर स्त्रियांच्या सहवासाची आवडही त्यांत घातली आहे. माणूस म्हटला कीं तो पुरुष, हें तेथें गृहीतच आहे.

आजच्या प्रश्नावलीचा वंश मात्र वैद्यकापेक्षां पलटणीशीं जवळचा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वुडवर्थ यानें, लढाईच्या ताणाखालीं कोणते शिपाई ढांसळतील हें आधींच ओळखतां यावें म्हणून, होय-नाहीं अशा उत्तरांची एक प्रश्नावली तयार केली. स्वभाव मोजणाऱ्या पुढच्या बहुतेक प्रश्नावल्यांची ही आजी. पांच घरांची रीत लायकर्ट यानें १९३२ सालीं घालून दिली. शिपायांसाठीं केलेलें साधन विद्यार्थ्यांकडे वळलें यांत नवल नाहीं. कवाइतींत उभा असलेला शिपाई आणि वर्गांत बसलेला विद्यार्थी या दोघांसही 'नाहीं' म्हणण्याची संवय नसते. येथें मला माझीही एक चूक सांगितली पाहिजे. नोकरींत असतांना एका स्नेह्याच्या प्रबंधासाठीं असे शेंदीडशें कागद मीं वर्गांत वांटले होते. वांटतांना 'ज्यांना भरावयाचे असतील त्यांनींच भरावे' असें म्हणालों, आणि लगेच हजेरीचा पट उघडला. एकही कागद कोरा आला नाहीं. त्या मुलामुलींना आपल्या स्वभावाविषयीं काय ठरलें हें पुढें कोणीं कळविलें नाहीं, आणि मीं विचारलेंही नाहीं.

स्त्री-पुरुषांच्या मनांची मापें घेण्याचा पहिला नांव घेण्याजोगा उद्योग एका विद्यार्थिनीनें केला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हेलन थॉम्प्सन हिनें शिकागो विश्वविद्यालयांतील पंचवीस विद्यार्थी आणि पंचवीस विद्यार्थिनी घेऊन त्यांच्या ज्ञानेंद्रियांची, हातांच्या चपळाईची, स्मरणाची व भावनांची एकेक करून परीक्षा केली आणि १९०३ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो काळ असा कीं, बायकांचा मेंदु पुरुषांपेक्षां सुमारें पांच औंस हलका भरतो, सबब त्यांची बुद्धि कमी, असें रोमेन्ससारखा विद्वान् १८८७ सालीं गंभीरपणें लिहून गेला होता. थॉम्प्सनला भेद सांपडले, पण ते थोडे. आणि त्यांतील बराच भाग लहानपणापासून मुलगा व मुलगी यांना मिळणाऱ्या निरनिराळ्या वागणुकीचा असावा, असें तिनें लिहिलें. तिचे शब्द तेव्हां फारसे कोणीं कानावर घेतले नाहींत. १९३६ सालीं टर्मन आणि कॅथरिन कॉक्स माइल्स यांनीं पुरुषत्व व स्त्रीत्व मोजणारी जी परीक्षा प्रसिद्ध केली तिचा मात्र मोठा बोलबाला झाला. तिची रीत पाहण्यासारखी आहे. ज्या प्रश्नांना मुलगे व मुली निराळीं उत्तरें देत तेवढेच प्रश्न ठेवावयाचे; मुलग्यांचें जें उत्तर तें पुरुषी, मुलींचें जें तें बायकी; आणि मग या कांट्यावर माणसें चढवून पुरुष पुरुषी निघाले, बायका बायकी निघाल्या, असा निष्कर्ष काढावयाचा. शिवाय परीक्षेचा खरा हेतु उत्तरें देणारांस कळूं नये म्हणून तिला आवडीनिवडी तपासण्याचें निरुपद्रवी नांव दिलें होतें. एकच दांडी, तिच्या एका टोंकाला पुरुष आणि दुसऱ्या टोंकाला स्त्री, ही कल्पना मोडावयास १९७४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं सँड्रा बेम हिनें हीं मापें दोन वेगळीं केलीं: एकाच व्यक्तींत धडाडीही भरपूर असूं शकते आणि मायाही भरपूर असूं शकते. हें शोधण्यास विश्वविद्यालय लागावें याचें आपल्याकडील एखाद्या कर्त्या आजीस हंसूं आलें असतें.

आपल्याकडे ही तुलना प्रश्नावलीनें झाली नाहीं, वादानें झाली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनीं सगळ्या स्त्रीजातीच्या स्वभावाचे वाभाडे काढले, त्याला हें उत्तर होतें. जे दुर्गुण बायकांच्या नांवावर मांडले जात ते एकेक उचलून ताराबाईंनीं पुरुषांपुढें धरले आणि हे तुमच्यांत नाहींत काय, असें विचारलें. माझ्या पुतणीच्या 'कोणापेक्षां?' या प्रश्नाचें घराणें वऱ्हाडांतलेंच आहे, असें मला त्या दिवशीं वाटलें. पुढें मुलींनीं काय शिकावें हा वाद पेटला. १८८४ सालीं पुण्यास मुलींचें हायस्कूल निघालें तेव्हां टिळकांच्या पक्षानें तेथील शिक्षणक्रमावर कडक टीका केली; आगरकरांनीं मुलामुलींना शिक्षण एकच द्या व एकत्र द्या, असा आग्रह धरला; आणि १९१६ सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं स्त्रियांसाठीं स्वतंत्र विद्यापीठ काढलें तें स्त्रीचें जीवितकार्य कांहीं अंशीं निराळें आहे असें मानूनच. तिघांच्या हेतूंविषयीं शंका घेण्याचें मला कारण दिसत नाहीं. पण मुलींचा कल कोणता हें ठरवितांना मुलींनाच विचारावें, ही गोष्ट त्या वादांत अभावानेंच आढळते.

आतां मुद्द्याकडे वळूं. दशमान वजनेंमापें येण्यापूर्वीं आपल्याकडे धान्य पायलीनें मोजीत. पायली सगळीकडे पायलीच. पण या बाजारची पायली आणि त्या बाजारची पायली एक नसे. दोन गांवांतील दोन शेतकरी 'मला दहा पायल्या झाल्या' असें म्हणाले तर त्यांचें धान्य सारखें ठरत नसे. आधीं पायली कोणती हें विचारावें लागे. स्वभावाच्या प्रश्नावलींत 'फार', 'चटकन', 'क्वचित्' हे शब्द म्हणजे अशाच पायल्या होत. जो तो आपापली घेऊन येतो, आणि संशोधक सगळ्यांचे आंकडे एका बेरजेंत घालतो.

ही माझी नुसती कल्पना नाहीं. २००१ सालीं कॉस्टा, टेरासियानो आणि मॅक्रे या संशोधकांनीं सव्वीस समाजांतील तेवीस हजारांवर माणसांचीं उत्तरें एकत्र केलीं. स्त्रिया स्वतःस अधिक हळव्या, अधिक मिळतें घेणाऱ्या म्हणवितात, पुरुष स्वतःस अधिक ठाम म्हणवितात, हें बहुतेक ठिकाणीं दिसलें. पण एक गोष्ट सर्वांनाच अनपेक्षित होती. जेथें स्त्रियांस मोकळीक अधिक, त्या युरोप-अमेरिकेंत हा फरक मोठा निघाला. जेथें रूढीचा पगडा अधिक, तेथें तो लहान निघाला. मोकळेपणानें भेद मिटावे, तों ते वाढलेले! याचा एक अर्थ असा लावतात कीं, बंधनें सैल झालीं म्हणजे निसर्गाचा मूळ रंग वर येतो. तो अर्थ अशक्य आहे असें मी म्हणत नाहीं. पण दुसराही अर्थ आहे, आणि कोंढ्याच्या ओसरीवर बसल्यावर मला तोच जवळचा वाटतो. जेथें मुलीचें जग मुलींचें आणि मुलाचें जग मुलांचें, तेथें मुलगी स्वतःस मोजते ती आपल्या बहिणींशीं, मैत्रिणींशीं; मुलगा स्वतःस मोजतो तो आपल्या दोस्तांशीं. दोघेंही आपापल्या रांगेच्या मध्यावर सांपडतात, आणि कागदावर भेद नाहींसा होतो. जेथें दोघेंही एकाच रांगेंत उभीं आहेत तेथें तीं एकमेकांशीं मोजूं लागतात. म्हणजे भेद लहान निघाला तरी तो माणसांचा कीं पायलीचा, आणि मोठा निघाला तरी तो माणसांचा कीं पायलीचा, हें नुसत्या त्या आंकड्यांवरून सांगतां येत नाहीं. ज्या प्रश्नापाशीं माझी पुतणी अडली तोच प्रश्न विद्वानांसही अडवून बसला आहे. फरक इतकाच कीं, ती खूण करण्यापूर्वीं अडली.

आणि ही पायली आपल्या हातीं देतो कोण? १९७६ सालीं कॉन्ड्री नांवाच्या दोघां संशोधकांनीं दोनशेंवर विश्वविद्यालयीन विद्यार्थी-विद्यार्थिनींना एका तान्ह्या मुलाचें चित्रण दाखविलें. पेटींतून एकदम उसळी मारणारें बाहुलें पाहून तें मूल कळवळतें. कांहींना सांगितलें कीं हा मुलगा आहे, कांहींना सांगितलें कीं ही मुलगी. मूल एकच, चित्रण एकच. मुलगा समजून पाहणारांस त्याला राग आलासा वाटला. मुलगी समजून पाहणारांस ती भ्यालीशी वाटली. जिच्या रडण्याला पाळण्यापासून भीति हें नांव मिळत आलें, तिला विसाव्या वर्षीं 'मला चटकन राग येतो काय' असें विचारल्यावर ती कोणत्या घरांत खूण करणार? आणि कांट्यापाशीं उभें राहिल्यावर तिला जें वाटलें त्याला ती स्वतःच हिशेब म्हणाली. कदाचित् तो खरोखर हिशेबच असेल. पण तिच्या जागीं तिचा भाऊ असता, तर सगळ्या गांवानें 'पोराला राग आला' असेंच म्हटलें असतें. आणि तोही तसेंच म्हणाला असता.

संध्याकाळीं भाऊ बांधीवरून परत आला, हातपाय धुऊन बसला, आणि तो कागद त्याच्या दृष्टीस पडला. येथें थोडा खुलासा हवा. पुतणीची इच्छा पदवीनंतर नागपुरास राहून कायद्याचा अभ्यास करण्याची आहे. मुलास स्पर्धापरीक्षांच्या वर्गाला तेथेंच ठेवावें असें भावाच्या मनांत आहे. दोघांचा खर्च पेलण्यासारखी शेती नाहीं. मुलगी शांत आहे, तिनें बी. एड्. करून जवळपास शिक्षिका व्हावें, कोर्टकचेरी हें तिचें काम नव्हे, असें त्याचें म्हणणें. आणि खरें सांगावयाचें तर मागच्या खेपेस मीं त्याला मान डोलावली होती. त्यानें कागद वरपासून खालपर्यंत वाचला. रागाचें विधान, वादाचें विधान, चारचौघांत पुढें होण्याचें विधान. तिच्या खुणा बहुतेक नरम बाजूसच होत्या. तो मला म्हणाला, "दादा, तुम्हीच पाहा. हें मी म्हणत नाहीं. तिनेंच लिहून दिलें आहे."

मुलगी कांहीं बोलली नाहीं. ज्या कागदावर नांवही लिहावयाचें नव्हतें, हजार कागदांच्या बेरजेंत जो बुडून जावयाचा, तो घरांत मात्र तिच्या हातची कबुली ठरला.

भावाची चूक तर्काची आहे, आणि ती पुष्कळ सुशिक्षित माणसेंही करतात. शेजारशेजारच्या दोन बांध्यांत दोन जातींचें धान लावलें आणि एकीची सरासरी उंची दुसरीपेक्षां दोन बोटें अधिक भरली, तरी कोणीं एक रोप उपटून हातांत दिलें असतां तें कोणत्या बांधींतलें हें उंचीवरून सांगतां येत नाहीं. स्त्री-पुरुषांच्या मनांचे बहुतेक भेद याहूनही बारीक आहेत. जॅनेट हाइड हिनें २००५ सालीं अशा अभ्यासांचे सेहेचाळीस संकलित आढावे तपासले. त्यांतील शेंकडा अठ्ठ्याहत्तर भेद लहान किंवा जवळजवळ शून्य होते. भेद मुळींच नाहींत असें मात्र नव्हे, आणि तसें म्हणणारांशीं माझें जमत नाहीं. लहान मुलांच्या स्वभावावरील अभ्यासांचा २००६ सालीं असाच आढावा घेतला गेला. स्वतःस आवरण्याची व लक्ष टिकविण्याची शक्ति मुलींत स्पष्टपणें अधिक दिसली, दंगामस्तीकडे ओढा मुलग्यांत कांहींसा अधिक दिसला, आणि चिडण्या-रडण्याच्या त्रासिकपणांत दोघांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. हीं उत्तरें बहुतेक आईबापांनीं व शिक्षकांनीं दिलेलीं, तेव्हां पायलीची शंका येथेंही आहेच. पण शंका आहे म्हणून मोजलेलें सगळें धान्य फेंकून देणें हा कांहीं शहाणपणा नव्हे.

प्रश्नावलीची टिंगल करणें सोपें आहे, आणि वर मीं थोडीशी केलीही. तथापि ती नसती तर काय असतें, याचाही विचार केला पाहिजे. तेव्हां बापाचें मत असतें. मोठेबाबांचें मत असतें. लग्न जमविणारांचें मत असतें. 'मुलगी स्वभावानें कशी आहे?' हा प्रश्न आपल्या समाजांत मुलीवाचून इतर सर्वांस विचारला जातो. तूं स्वतः कशी आहेस, हें तिलाच लेखी विचारणारा आणि तिचें उत्तर जसेंच्या तसें नोंदवून घेणारा तो अनोळखी संशोधक बहुधा तिच्या आयुष्यांतला पहिलाच. त्याचा कागद अर्धामुर्धा भाषांतरित असेल, त्याची पायली कच्ची असेल. पण त्यानें विचारलें. मीं तिला अजून विचारलें नव्हतें.

त्या रात्रीं पाऊस उघडल्यावर मीं भावापाशीं गोष्ट काढली. कांट्याची हकीकत तूंच मला सांगितलीस, ती याच मुलीची ना, असें विचारलें. तो म्हणाला, ती वेळ निराळी होती. वेळेला कोणीही उभें राहतें. मीं म्हटलें, तूं नव्हतास उभा. हें मीं बोलावयास नको होतें, कारण मग तो बराच वेळ गप्प बसला.

सकाळीं पुतण्या दोन्ही कागद घेऊन महाविद्यालयांत जाण्यास निघाला. तिच्या कागदाच्या शेवटीं 'अन्य कांहीं सांगावयाचें असल्यास' अशा दोन कोऱ्या ओळी होत्या. त्यांत तिनें रागाच्या विधानाचा क्रमांक घालून पुढें एवढेंच लिहिलें होतें: कोणापेक्षां? असा शेरा कोणत्याही बेरजेंत धरतां येत नाहीं, हें मला अनुभवानें ठाऊक आहे. भाऊ ओसरीवर उभा राहून आभाळाकडे पाहत होता. मी निघतांना म्हणाला, "दादा, नागपुराचें बोलूं आपण. रोवणी तेवढी आटोपूं द्या."